खोबरेल थिजणारी गावं

आयुष्यात मी हेवा पुष्कळांचा केला. ज्यांना पहिल्याच अर्जाला नोकरी लागली त्यांचा, ज्यांचे केस पन्नाशीतही काळे राहिले त्यांचा. पण जेवण कडू लागावं इतका मी एकाच माणसावर जळलो, आणि तो माणूस रजया भरायचा.

पांढुर्ण्याला मी भूगोलाचा मास्तर होतो. एम.ए. भूगोल, तोही पहिल्या वर्गात. ऐंशी सालानंतर पाच-सहा वर्षं मी ज्यांच्या घरात भाड्यानं राहिलो ते हे गृहस्थ. खाली त्यांचं गादी-रजईचं दुकान, दुकानामागं त्यांची एकट्याची खोली, आणि वर आम्ही नवरा-बायको. सारा मोहल्ला त्यांना काकाजी म्हणायचा, म्हणून मीही म्हणायचो. जिन्याच्या दाराला मी माझ्या नावाची पाटी ठोकली होती आणि तिच्यावर 'एम.ए. (भूगोल)' हे नावापेक्षा मोठ्या अक्षरात रंगवून घेतलं होतं. लोक ती पाटी वाचायचे, मान डोलवायचे आणि काकाजींच्या दुकानात शिरून त्यांना भूगोल विचारायचे.

काकाजी चौथी पास होते. नागपूरच्या पलीकडं कधी गेले नव्हते, आणि नागपूरलाही एकदाच, डोळे तपासायला. हे ते स्वतःच सांगायचे, काही लपवून ठेवायचे नाहीत. तरी कुणाच्या पोराची बदली झाली, कुणाच्या मुलीला दूरचं स्थळ आलं, कुणी फौजेत भरती झालं, की घरचं माणूस पहिल्यांदा काकाजींकडं यायचं. कारण काकाजी गाव विचारल्याशिवाय रजई भरतच नसत.

"पांघरायची कोण्या गावाले?" हा त्यांचा पहिला प्रश्न. एकदा नागपूरचा एक व्यापारी आला आणि त्यानं पंचवीस रजयांची ऑर्डर दिली. काकाजींनी विचारलं, "कोण्या गावाले?" तो म्हणाला, "दुकानात ठेवून विकायच्या आहेत." काकाजींनी हातातला कापूस खाली ठेवला. "मंग नाही जमत जी. कोण पांघरन, कुठी पांघरन, ठाऊक नाही, अन् मी कापूस किती घालू?" व्यापारी चिडून गेला. मी वरून खिडकीतून पाहत होतो. या माणसाचा धंदा बुडणार म्हणून मला बरं वाटलं, पण धंदा काही बुडला नाही. उलट ही गोष्ट बाजारभर झाली आणि गिऱ्हाईक वाढलं.

गाव माहीत नसेल तर ते पत्र टाकायचे. तेव्हा जोडकार्ड मिळायचं, अर्ध्यावर आपण लिहायचं आणि अर्धं कोरं जबाबासाठी. काकाजी पत्ता लिहायचे, 'श्रीमान हेडमास्टर साहब, प्राथमिक शाला,' आणि पुढं गावाचं नाव, बस. त्यांचं म्हणणं असं की हेडमास्तर प्रत्येक गावाला असतो, त्याला लिहिता येतं आणि त्याला दुपारी वेळ असतो. कार्डावर प्रश्न तीनच. सकाळी म्हातारी माणसं अंगावर काय घेतात? रात्री माणसं आत निजतात की ओसरीवर? आणि खोबरेल तेल कोणत्या महिन्यात थिजतं, कोणत्या महिन्यात पातळ होतं?

हा तिसरा प्रश्न म्हणजे त्यांचं सगळं हवामानशास्त्र. आलेली कार्डं एका पत्र्याच्या डब्यात असायची, आणि ती राज्याप्रमाणं लावलेली नव्हती, तेलाप्रमाणं होती. दोन महिने थिजणारी गावं, चार महिने थिजणारी गावं, आणि अजिबात न थिजणारी गावं. पांढुर्णा दोन महिन्यांत. दिल्ली चार महिन्यांत. मद्रास न थिजणाऱ्यांत, आणि त्या गठ्ठ्याबद्दल काकाजींना जरा कीव वाटायची, कारण तिथल्या लोकांना रजई म्हणजे काय हे कळत नसणार. उन्हाळ्याचं कुणी विचारलं तर हात जोडायचे. "उन्हाळ्याचं मले नका विचारू बाप्पा, तो माझा धंदा नाही."

मी हवामानाचे शास्त्रीय प्रकार तोंडपाठ केलेला माणूस. समताप रेषा काढून काढून माझी बोटं दुखलेली. जानेवारीचं सरासरी तापमान मी कोणत्याही मोठ्या शहराचं सांगू शकत होतो. एकदा इरेला पेटून मी एक मोठा तक्ता केला, तीस शहरं आणि त्यांचं थंडीतलं तापमान, आणि जिन्याच्या भिंतीवर चिकटवला. शेजारच्या बाईंनी तो मन लावून वाचला, मला बोलावलं आणि विचारलं, "मास्तर, अकरा अंश म्हणजे स्वेटर घालाचं का शाल?" मी बाष्पाचं प्रमाण आणि वाऱ्याची दिशा यांवरून समजावू लागलो. त्या म्हणाल्या, "बरं, काकाजीलेच विचारतो."

माझ्या शाळेतलेच गणिताचे मास्तर एका संध्याकाळी आले. त्यांची बदली झाबुआकडं झाली होती. मला वाटलं, एक तरी शिकलेला माणूस माझ्याकडं आला. बायकोला चहा टाकायला सांगितला, नकाशाची गुंडाळी काढून झटकली. खाली दुकानात त्यांचा आवाज ऐकू आला. तासभर ऐकू येत होता. जाताना त्यांनी वर पाहून हात हलवला आणि ओरडून म्हणाले, "येतो सर, उशीर होऊन राहिला." दोन कप चहा मी एकट्यानं प्यायलो आणि त्या रात्री बायकोनं बोलायचा प्रयत्न केला तर तिच्यावरच खेकसलो.

राजधानीची गोष्ट तर अजून आठवली की कान तापतात. सहामाहीच्या पेपरात मी विचारलं होतं, आपल्या राज्याची राजधानी कोणती? नऊ पोरांनी लिहिलं, नागपूर. आता आमच्याकडं ही चूक नवी नाही. नागपूर आता दुसऱ्या राज्यात, तरी बाजार नागपूरचा, दवाखाना नागपूरचा, सोयरीक नागपूरची, तर पोराला भोपाळ कशाला आठवेल? पण या नऊ जणांनी सांगितलं, "काकाजीनं सांगतलं." मी तरातरा दुकानात गेलो.

"काकाजी, तुम्ही पोरांना चुकीचं शिकवता."

"नागपूरच होती ना जी राजधानी. माझ्या शाळेत तसंच होतं."

"होती! छप्पन सालापर्यंत होती! आता भोपाळ आहे. तीस वर्षं होत आली."

"ऐकून हाओ मी," काकाजी शांतपणे म्हणाले. "पण भोपाळले मी विचारलं नाही अजून."

आणि खरोखर दुसऱ्या दिवशी त्यांनी भोपाळच्या कुठल्याशा प्राथमिक शाळेच्या हेडमास्तरांना कार्ड टाकलं की राजधानी आपल्याकडंच आहे काय, आणि असल्यास तेल कधी थिजतं. पंधरा दिवसांनी जबाब आला. राजधानी इथंच आहे, तेल पौष-माघात थिजतं, आपण आस्थेनं विचारलंत याचा आनंद वाटला. काकाजींनी ते कार्ड त्या नऊही पोरांना दाखवलं. पोरं मला येऊन म्हणाली, "सर, तुमचं बरोबर निघालं." माझं बरोबर निघालं! माझी पदवी, माझी पुस्तकं, आणि माझ्यावर शिक्का मारणार भोपाळचा कुणीतरी हेडमास्तर!

त्या अनोळखी माणसांची पत्रंच मला सर्वात जास्त डाचायची. डाक आली की काकाजींचा चेहरा फुलायचा. अल्मोड्याचे एक हेडमास्तर त्यांना दर दिवाळीला लिहायचे. मी इतकी वर्षं भूगोल शिकवला, मला एकाही गावानं पत्र लिहिलं नाही. एकदा शिलाँगहून एका हेडमास्तरीण बाईंचा इंग्रजीत जबाब आला तेव्हा ते कार्ड घेऊन काकाजी वर आले आणि मला वाचून दाखवा म्हणाले. मी वाचलं. म्हातारी माणसं लोकरीची शाल घेतात, माणसं आत निजतात, तेल सहा महिने थिजतं. शेवटी त्या बाईंनी लिहिलं होतं की मी वीस वर्षं या गावात शिकवते आहे, पण आमच्या गावी कसं असतं हे आजवर कुणी विचारलं नव्हतं, कृपया पुन्हा लिहा. ती दोन वाक्यं मी वाचून दाखवली नाहीत. "बस, एवढंच आहे," म्हणालो. काकाजी आभार मानून खाली गेले.

इथपर्यंत सगळा पोरखेळ होता. मग माझ्या मेव्हणीचं लग्न ठरलं.

माझी सासुरवाडी सौंसर तहसिलातली, रामाकोन्याची. सासूबाई लवकर गेल्यामुळं धाकट्या बहिणीला माझ्या बायकोनंच लहानाची मोठी केली होती. पोरगी नाजूक, लहानपणापासून दम्याची. थंडी लागली की छाती भरायची आणि रात्रभर उशाला टेकून बसून राहायची. तिला स्थळ आलं ते सरगुजा जिल्ह्यातलं, अंबिकापूरचं. मुलगा चांगला, सरकारी खात्यात कारकून. पण अंबिकापूर आमच्यापैकी कुणी पाहिलेलं नव्हतं. बायकोचा जीव त्या एका गोष्टीत अडकला, तिथं थंडी किती? आंदणात गादी-रजई माहेरचीच जाते, आणि नवी सून सासरी जाऊन दुसरी रजई मागत नाही. जी बरोबर जाईल तीच पांघरायची.

मी म्हणालो, "मी आहे ना सांगायला."

बायको म्हणाली, "तुम्ही राहू द्या जी. काकाजीले विचारून घेऊ."

ती हे सहज म्हणाली. भाजी निवडत होती, वर पाहिलंसुद्धा नाही. मला मात्र ते असं लागलं की मी सदरा चढवून बाहेर पडलो आणि स्टेशनवर जाऊन एक मालगाडी पूर्ण जाईपर्यंत उभा राहिलो.

काकाजींनी बायकोचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, दम्याच्या माणसाचं कठीण असते. कापूस कमी झाला तं थंडी वाजते, जास्त झाला तं छातीवर भार येते. इथी अंदाज चालत नाही. मी आजच कार्ड टाकतो." कार्ड गेलं. बायको लग्नाच्या तयारीसाठी रामाकोन्याला निघून गेली.

आमचा पोस्टमन साऱ्या घराची डाक जिन्याच्या पहिल्या पायरीवर टाकून जायचा. दहा-बारा दिवसांनी मी शाळेतून आलो तर पायरीवर माझ्या विम्याचं एक पाकीट होतं आणि खाली जोडकार्डाचं जबाबी अर्धं. शिक्का अंबिकापूरचा. काकाजी कापूस आणायला गेले होते, दुकान बंद होतं. मी ते कार्ड उचललं, चार तुकडे केले आणि नालीत टाकले. नाली वाहती होती. वर जाऊन हातपाय धुतले आणि पोहे करून खाल्ले.

काय विचार केला, असं कुणी विचारील तर सांगतो. विचार असा काही केला नाही. फक्त एकदा, एकदा तरी, त्या डब्यात उत्तर नसावं असं वाटलं.

काकाजी रोज पायरी पाहायचे. लग्न आठ दिवसांवर आलं तेव्हा ते जिना चढून वर आले, धाप लागली होती. "मास्तर, अंबिकापूरचा जबाब नाही आला जी. असं कधी होत नाही. त्या हेडमास्तरची तब्येत बरी नसन." मग दारातच उभे राहून म्हणाले, "तुम्ही तं शिकलेले माणूस. तुम्हीच सांगा आता. किती घालू?"

त्या घरात राहायला आल्यापासून काकाजींनी मला विचारलेला भूगोलाचा तो पहिला प्रश्न. मी त्यांना खुर्ची दिली. भिंतीवर नकाशा टांगला. अंबिकापूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, म्हणजे उष्ण कटिबंधात. पठारावर आहे हे मला ठाऊक होतं, पण उंचीचा पुस्तकी हिशेब केला तर आपल्यापेक्षा जेमतेम एका अंशाचा फरक निघत होता. पठारावर उघड्या आभाळाखाली रात्र कशी पडते ते पुस्तकातही होतं, पण त्या दिवशी मला ते आठवायचं नव्हतं. मला उत्तर द्यायचं होतं, तेही लगेच. "आपल्यासारखंच हवामान," मी म्हणालो. "आपल्याकडच्याइतकाच कापूस घाला."

"नक्की?"

"नक्की."

काकाजींनी खिशातून एक कोरं कार्ड काढलं, त्यावर पेन्सिलीनं 'अंबिकापूर, दोन महिने, मास्तरांनी सांगतले' असं लिहिलं आणि खाली जाऊन डब्यात ठेवलं. त्या रात्री मला फार छान झोप लागली.

लग्न झालं. पौषात पत्र आलं. मेव्हणीची छाती अशी भरली की तिला दवाखान्यात ठेवलं होतं. बायको भावाला बरोबर घेऊन नागपूर, बिलासपूर करत अंबिकापूरला गेली. जायच्या आधी जामसांवळीच्या मारुतीला नवस बोलून गेली. ते तीन आठवडे मी शाळेत काय शिकवलं मला आठवत नाही. पोस्टमन दिसला की मी खिडकीतून मागं सरायचो.

पोरगी वाचली. बायको तिला माहेरपणाला घेऊन आली तेव्हा पोरीचे खांदे कपाटाच्या कोपऱ्यांसारखे दिसत होते. तिला रामाकोन्याला सोडून बायको घरी आली, आणि जिना न चढता थेट दुकानात शिरली. मी वर होतो, सगळं ऐकत होतो.

"काकाजी, असं कसं केलं तुम्ही? तिथी तेल दगडासारखं होते. लेकरू रात्र रात्र कुडकुडलं, पण सासूले म्हणाली नाही. तुमच्यावर भरोसा ठेवला होता मी."

मी जिन्याचा कठडा धरून उभा राहिलो. आता ते माझं नाव सांगणार.

"चुकलं माझं, बाई," काकाजी म्हणाले. एवढंच.

आणि मला काय वाटलं ते आज लिहून टाकतो. मला आनंद झाला. क्षणभरच, पण झाला. आता ती पुन्हा त्यांच्याकडं जाणार नव्हती.

बातमी मोहल्ल्यात पसरली. काकाजींची रजई कमी पडली. आठ दिवसांनी एक गृहस्थ चक्क जिना चढून वर आले. मुलाला मुरैन्याकडं नोकरी लागली होती, थंडी कशी असते? "काकाजीच म्हणाले, मास्तरले विचारा. म्हणाले, आता मी सांगत नाही." पाठोपाठ आणखी दोघं आले. मी सांगितलं. ते पाटीकडं पाहत, नमस्कार करत गेले. मला हवं होतं ते सगळं माझ्या दारात आलं होतं आणि मला ते घशाखाली उतरत नव्हतं. खाली काकाजी येणाऱ्याला नुसतं विचारायचे, "किती किलो घालू?" आणि सांगितलं तितका कापूस भरायचे.

एका दुपारी त्यांनी मला हाक मारली. पुढ्यात जोडकार्ड होतं. "मास्तर, माझी हिंदी पाहून द्या जरा. अंबिकापूरच्या त्या हेडमास्तरले लिहून राहिलो. वर्ष होत आलं, बिचाऱ्याचा जबाब नाही. काही बरंवाईट तं नसन ना झालं?" कार्डावर लिहिलं होतं, 'आपकी तबियत कैसी है?' तेल नाही, शाल नाही, एवढा एकच प्रश्न.

माझ्यानं राहवलं नाही. उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. जबाब आला होता. मी पायरीवरून उचलला. फाडला. नालीत टाकला. तुमच्यावर जळत होतो, म्हणून.

काकाजी ओरडतील, घर खाली करा म्हणतील, अशी माझी तयारी होती. त्यांनी तसं काही केलं नाही. चष्मा काढला, पुसला, परत घातला. जळण्याबिळण्याचं त्यांनी ऐकलंही की नाही कोण जाणे. ते पुढं सरकून बसले.

"म्हणजे हेडमास्तरनं लिहिलं होतं! काय लिहिलं होतं जी?"

मी कार्ड उचलून त्यांची हिंदी तपासू लागलो.

"सांगा ना. तेल किती महिने म्हणाले?"

"मी वाचलं नाही, काकाजी."

हे खरं होतं. उघडं पोस्टकार्ड न वाचता फाडायला फार निर्धार लागतो, आणि तेवढा मी केला होता. शिक्का पाहिला आणि नजर वळवली. त्यात माझ्याविरुद्ध काही निघालं असतं तर?

काकाजींचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा बदलला. फाडलं म्हटल्यावर बदलला नव्हता, पोरीचं दुखणं माझ्यामुळं, हे कळल्यावरही नव्हता. आता मात्र ते माझ्याकडं असं पाहू लागले की जणू मी कुठल्यातरी अशा गावचा आहे जिथून त्यांना कधीच कार्ड आलं नव्हतं.

"अंबिकापूरचं कार्ड तुमच्या हातात होतं," ते सावकाश म्हणाले, "अन् तुम्ही वाचलं नाही? भूगोलाचे मास्तर ना जी तुम्ही?"

हा टोमणा असता तर मी सोसला असता. पण ते खरोखरच विचारत होते, आणि विचारून झाल्यावर हातातली पेन्सिल खाली ठेवून माझ्या उत्तरासाठी थांबले.